आपले मुंगूस युरोपात कसे पोचले?

मुलांनो, इंग्रजीच्या पुस्तकात 'मंगूज' हा शब्द आला की तुम्ही त्याचे स्पेलिंग घोकत बसता. एम, ओ, एन, जी, डबल ओ, एस, ई. घोकताना चेहरे असे होतात, जणू कडू काढा पितोय! साहेबाचा शब्द आहे, तेव्हा अवघड असणारच, अशी तुमची समजूत. पण हा शब्द साहेबाचा नाहीच मुळी. तो आपल्या बांधावरचा आहे. उसाच्या सरीतून सुळकन पळणारे, मधेच दोन पायांवर उभे राहून मागे वळून बघणारे जे मुंगूस, त्याचेच नाव साहेबाने उचलले आणि आपल्या कोशात लिहून ठेवले. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशात 'मंगूज' काढून बघा. शब्द कुठून आला ते सांगताना तिथे मराठीचे नाव दिलेले असते.

आपण पेन, टेबल, बस, स्टेशन असे कितीतरी शब्द इंग्रजीतून घेतले. त्यात कमीपणा काही नाही. भाषा अशाच एकमेकींकडून उसनवारी करतात, शेजारणी विरजण मागतात तशा. पण आपणच नेहमी मागणारे आणि ते नेहमी देणारे, असे जे आपल्या मनात बसले आहे ते खरे नाही. म्हणून हा पाठ.

आधी आपल्या घरात बघू. मुंगसाला संस्कृतात 'नकुल' म्हणतात. पाच पांडवांतला चौथा नकुल तुम्हाला माहीत आहे, त्याचे नाव तेच. या नकुलाचा हिंदीत झिजत झिजत 'नेवला' झाला, गुजरातीत 'नोळियो' झाला. मग मराठीत काय व्हायला हवे होते? नेवळा, नोळा, असे काहीतरी. पण तसे झाले नाही. आपण म्हणतो मुंगूस. आता आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला चला. कागलच्या पुढे निपाणी, चिकोडी, बेळगावकडे गेलात की कानडी माणूस म्हणतो 'मुंगुसी'. कानडीत 'मुंगुली' असेही रूप आहे. तुळू भाषेत 'मुंगिली'. तेलुगूत 'मुंगिस'. कोकणीत पुन्हा मुंगूसच. तमिळ आणि मल्याळमवाले मात्र 'कीरी' म्हणतात.

यावरून काय दिसते? उत्तरेत नकुलाची लेकरे आणि दख्खनमध्ये मुंगसाची भावंडे. भाषेचे अभ्यासक म्हणतात की हा शब्द मुळात कानडी-तेलुगूच्या घराण्यातला, म्हणजे द्राविड असावा, आणि मराठीने तो शेजारातून घेतला. आपल्या शिरोळ, कागल, गडहिंग्लज भागात घराघरांत मराठी-कानडी एका ताटात जेवतात. तेव्हा मराठीने हा शब्द शेजारणीकडून घेतला असेल तर नवल ते काय! म्हणजे इंग्रजाने आपल्याकडून घेतला, आणि आपण त्याच्या कितीतरी आधी कानडीकडून घेतला. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आता तो समुद्रापार कसा गेला ते पाहू. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. गोवा म्हणजे आपल्याला काही लांब नाही, आंबोलीचा घाट उतरला की आलेच. पोर्तुगीज लोक कोकणातल्या माणसांबरोबर राहू लागले, त्यांच्याकडून मिरी, काथ्या, नारळ घेऊ लागले, आणि त्याबरोबर शब्दही घेऊ लागले. गंमत बघा. युरोपातही मुंगसाची एक जात रानात आढळते, स्पेन-पोर्तुगालमध्ये. पोर्तुगीजांजवळ तिच्यासाठी स्वतःचे नाव आहे, 'साकर्राबुश'. स्पॅनिश लोक तिला 'मेलोनसिल्यो' म्हणतात. असे असूनही हिंदुस्थानातल्या प्राण्यासाठी त्यांनी आपले घरचे नाव लावले नाही. इथल्या माणसाला विचारले, "हे काय?" इथला म्हणाला, "मुंगूस." त्यांनी लिहून घेतले, 'मंगुश्तु'.

शेवटी 'त' कुठून आला असे तुम्ही विचाराल. परका शब्द तोंडात बसवताना प्रत्येकजण त्याला आपल्या घरचे अंगडे-टोपडे घालतो. आपण 'हॉस्पिटल'चे इस्पितळ केले आणि 'लॅन्टर्न'चा कंदील न करता लालटेन केला, त्यातलाच हा प्रकार. पोर्तुगीजांकडचा हा 'त' मात्र पुढे फार लांब गेला. स्पॅनिशमध्ये मंगोस्ता, इटालियनमध्ये मंगुस्ता, फ्रेंचमध्ये मांगूस्त, रुमानियनमध्ये मंगुस्ता, पोलिशमध्ये मंगुस्ता, रशियनमध्ये मंगुस्त, फिनलंडमध्ये मंगुस्ती, हॉलंडमध्ये मंगूस्त. जर्मन माणूस दोन्ही म्हणतो, मंगुस्ते आणि मुंगो. भिंतीवरच्या युरोपच्या नकाशावर बोट ठेवत जा. लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत जाल, बोटाखाली मुंगूसच सापडेल.

व्याकरणाची एक गंमत सांगतो. मराठीत आपण 'ते मुंगूस' म्हणतो, नपुंसकलिंगी. अनेकवचन 'मुंगसे', बोलताना 'मुंगसं'. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन या भाषांत गेल्यावर ते बाईमाणूस झाले, 'ती मंगुस्ता'. रशियात गेल्यावर पुरुष झाले, 'तो मंगुस्त'. पोर्तुगालमध्येही तोच. एकच जनावर, पण गावोगावी लिंग बदलून राहते! तेव्हा लिंग हे शब्दाला असते, प्राण्याला जे असते ते वेगळे, हे आपल्या व्याकरणाच्या तासाला सांगितले होते ते आता नीट पटेल.

इंग्रजांना हा शब्द जरा उशिरा मिळाला. जॉन फ्रायर नावाचा एक डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, त्या सुमारास हा माणूस मुंबई-सुरत भागात होता. पुढच्या वर्षी तो जुन्नरलाही जाऊन आला. त्याने आपल्या प्रवासाची पत्रे लिहिली आणि त्यांचे पुस्तक १६९८ साली लंडनला छापले गेले. इंग्रजी छापील पुस्तकात मुंगूस सापडते ते तिथे. फ्रायरने आपल्या वाचकांना समजावे म्हणून त्याची तुलना 'फेरेट' या तिकडच्या प्राण्याशी केली. इंग्रज त्याच्याही आधीपासून आपल्या मुलखात वावरत होते. १६६० साली पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला आले होते, हे तुम्ही इतिहासात शिकलाच आहात. त्यांनाही पन्हाळ्याच्या पायथ्याला मुंगसे दिसलीच असणार, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते!

सुरुवातीला इंग्रज हा शब्द नाना तऱ्हांनी लिहीत. पुढे शेवटचा भाग 'गूस' असा लिहिणे रूढ झाले. इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंसासारखा एक पक्षी. त्याचे अनेकवचन 'गीस'. त्यामुळे इंग्लंडातल्या पोरांचीही गफलत होते, ती 'मंगीस' लिहून मोकळी होतात. बरोबर रूप 'मंगूजेस'. कारण मुंगसाचा त्या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही, शेवटचे 'गूस' हे आपल्या 'गूस'चेच रूप आहे. परीक्षेत हा प्रश्न आला तर लक्षात ठेवा.

पण थांबा. नाव पोचण्यापूर्वी हजार वर्षे मुंगसाची गोष्ट युरोपच्या वाटेला लागली होती. पंचतंत्रातली ब्राह्मणाच्या बायकोची आणि मुंगसाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बाई पाण्याला जाते. पाळण्यात तान्हे मूल. मुंगूस राखणीला. साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करते आणि रक्ताने माखलेले तोंड घेऊन दारात बाईला सांगायला येते. बाईला वाटते याने माझे बाळ खाल्ले, आणि ती डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकते. आत येऊन बघते तर मूल हसतेय.

सहाव्या शतकात इराणच्या बादशहाने पंचतंत्राचे भाषांतर आपल्या पहलवी भाषेत करून घेतले. त्यावरून सुमारे इ. स. ७५० मध्ये अरबीत 'कलिला व दिम्ना' हे पुस्तक झाले. अरबी लेखकापुढे अडचण आली. मुंगसाला काय म्हणावे? त्याने आपल्याकडचा एक मुंगसासारखा लहान लांबट प्राणी घातला. गोष्ट आणखी पश्चिमेला गेली, तेव्हा लोकांनी म्हटले, पाळण्याजवळ असले जनावर कोण ठेवील? कुत्रा घाला. आणि मुंगसाचा कुत्रा झाला. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे बेडगेलर्ट नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ 'गेलर्टची कबर'. गेलर्ट हा राजाचा इमानी कुत्रा, त्याने पाळण्यातल्या राजपुत्राला वाचवण्यासाठी लांडगा मारला, राजाने रक्त बघून घाईने कुत्र्यालाच ठार केले, अशी लोककथा तिथे सांगतात. साप जाऊन लांडगा आला, मुंगूस जाऊन कुत्रा आला. तिथली कबर बघायला माणसे येतात आणि डोळे पुसतात. ती मुळात आपल्या मुंगसासाठी रडतात, हे त्यांना कुणी सांगावे?

मला या गोष्टीत हे फार महत्त्वाचे वाटते. गोष्ट गेली पण नाव गेले नाही, म्हणून मुंगूस वाटेत हरवले. पुढे नाव गेले तेव्हा मुंगूस मुंगूसच राहिले. १८९४ साली रुडयार्ड किपलिंग या मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाने 'जंगल बुक'मध्ये रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची गोष्ट लिहिली. तिथेही मूल, तिथेही नाग. पण आता त्याला कुत्रा करायची गरज पडली नाही. इंग्लंडच्या वाचकांना नाव माहीत झाले होते.

शास्त्रज्ञांनी मुंगसाला कोणती नावे दिली तेही थोडे पाहू. ग्रीक लोक इजिप्तमधल्या मुंगसाला 'इक्न्यूमॉन' म्हणत, म्हणजे माग काढणारा. ते मगरीची अंडी शोधून खाते म्हणून इजिप्तमध्ये त्याला मान होता. आपल्याकडच्या करड्या मुंगसाचे शास्त्रीय नाव पुष्कळ वर्षे 'हर्पेस्टिस एडवर्डसाय' होते. हर्पेस्टिस हाही ग्रीक शब्द, अर्थ सरपटत जाणारा. अलीकडे आशियातल्या मुंगसांना 'उर्वा' या गटात घालतात. हे उर्वा नेपाळातल्या एका मुंगसाचे तिथले नाव. मग आपला 'मुंगूस' शास्त्रात कुठे गेला? तो गेला आफ्रिकेत! तिथे पाठीवर पट्टे असलेली मुंगसे कळपाने राहतात. त्यांना १७८८ साली नाव मिळाले आणि आजचे त्यांचे शास्त्रीय नाव आहे 'मुंगोस मुंगो'. म्हणजे आपले मुंगूस ग्रीक-नेपाळी नाव लावून हिंडते आणि आफ्रिकेतले मुंगूस आपले नाव लावून. मॅडॅगास्कर बेटावर तर झाडावर राहणारा, माकडासारखा एक लेमूर आहे, त्यालाही लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७६६ साली 'मोंगोझ' म्हणून टाकले. नाव एकदा सुटले की कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. उडदाचे शास्त्रीय नाव 'विग्ना मुंगो' आहे. ते वाचून कुणी म्हणेल, उडीद आणि मुंगूस नात्यातले. तसे नाही. उडदातला 'मुंगो' हा आपल्या मुगावरून आला. (मूग राहिला बाजूला आणि त्याचे नाव उडदाला गेले, हा आणखी एक घोटाळा.) दोन शब्द सारखे दिसले म्हणून एकाच घरचे समजू नये. शब्दांची सोयरीक लावायची तर त्यांचे जुने कागद बघावे लागतात. मुंगी आणि मुंगूस यांचे नातेही असेच उगीच जुळवू नका.

लिनियसने १७५३ साली आणखी एक नाव ठेवले, 'ओफिओरायझा मुंगोस'. ही एक वनस्पती. ओफिओरायझा म्हणजे सापाची मुळी. साप चावला की मुंगूस रानात जाऊन एक पाला खाते आणि बरे होते, हे तुमच्या आजोबांनी तुम्हाला सांगितले असेल. तीच समजूत त्या काळी युरोपापर्यंत पोचली आणि वनस्पतीच्या नावात जाऊन बसली. समजूत जुनी आहे, पण खरी नाही. खरे कारण १९९२ साली इस्राएलमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. नागाचे विष आपल्या स्नायूंवर एका ठरावीक जागी जाऊन चिकटते, कुलपात किल्ली बसावी तसे. तिथे मेंदूकडून आलेला निरोप अडतो आणि श्वास बंद पडतो. मुंगसाच्या अंगात त्या कुलपाचा आकारच थोडा वेगळा असतो, किल्ली बसत नाही. शिवाय ते चपळ असते, केस फुलवून दुप्पट दिसते आणि नागाचा वार चुकवते. तरी विष फार भिनले तर मुंगूसही मरते. तेव्हा माणसाला साप चावला तर पाला शोधत बसायचे नाही. माणसाच्या अंगातले कुलूप साधेच आहे. सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथे आहे.

साप-मुंगसाचे वैर आपल्या भाषेत इतके मुरले आहे की संस्कृत व्याकरणात त्यासाठी वेगळी सोय आहे. ज्यांचे कायमचे हाडवैर, त्यांची नावे समासात जोडली की तो शब्द एकवचनी होतो, असा पाणिनीचा नियम. त्याचे उदाहरण म्हणून टीकाकार देतात 'अहिनकुल', साप आणि मुंगूस.

हे वैर ऐकूनच लोकांनी मुंगसाला जहाजात घातले. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर नेली. का? तर तिथल्या उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. ही आपल्या बांधावरची करडी जात नव्हे, तिच्याहून लहान जात. १८८३ मध्ये जमैकाहून ती हवाई बेटांवर गेली. तिथेही ऊस. पण उंदीर बाहेर पडतो रात्री आणि मुंगूस हिंडते दिवसा! गाठ पडणार कशी? मुंगसांनी जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी आणि पिले खाल्ली. जपानने १९७९ साली सापांचा बंदोबस्त करायला अमामी बेटावर सुमारे तीस मुंगसे सोडली. त्यांनी तिथले दुर्मीळ ससे मारायला सुरुवात केली, आणि शेवटी त्यांना हुडकून काढण्यात वर्षानुवर्षे गेली. बेटावर एकही मुंगूस उरले नाही असे २०२४ साली जाहीर झाले. जनावराबरोबर नावही गेलेच. हवाईच्या भाषेत ग आणि स नाहीत, तिथे मुंगसाचे 'मनकुके' झाले. जपानी माणूस म्हणतो 'मंगूसु'. इंग्रजीच्या वाटेने इतके लांब जाऊनही हा शब्द पुन्हा जवळजवळ कोल्हापुरी झाला.

दोष मुंगसाचा नव्हे. इथे त्याच्याबरोबर नाग आहे, घोणस आहे, वरून घार-गरुड आहेत, बांधाला बिळे आहेत, सगळे एकमेकांना आवरून धरतात. तिथे आवरणारे कुणी नव्हते. आपल्या शिवारात ते उंदीर, साप, सरडे, किडे, अंडी, पडलेली फळे, सगळे खाते. हो, डालग्याखालची कोंबडीही नेते, ते लपवण्यात अर्थ नाही. ज्याची कोंबडी जाते त्याला राग येणारच. पण डालग्यावर दगड ठेवला, खुराड्याला बारीक जाळी मारली तर कोंबडीही राहते आणि मुंगूसही राहते. फासे लावणे, विष घालणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मुंगसाला कोंबडीवाल्याहून मोठा शत्रू दुसराच आहे. चित्रे रंगवायचे काही ब्रश त्याच्या केसांचे बनवतात. केस कापून घेत नाहीत, जनावर मारून घेतात. २०१९ साली वन्यजीव खात्याच्या लोकांनी अनेक राज्यांत छापे घालून असे ब्रश पकडले. कोल्हापूर म्हणजे चित्रकारांचे गाव, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचे. आपल्याला इथे ब्रश सगळीकडे मिळतात. दुकानात ब्रश घेताना दुकानदाराला 'केस कशाचे?' एवढे विचारा. नायलॉनचा ब्रश चालतो, रंगही चांगला लागतो.

आता तुमचे काम. ज्यांची आजी किंवा मामा कानडी बोलतात त्यांनी मुंगसाला ते काय म्हणतात ते कानाने ऐकून जसेच्या तसे लिहून आणा. कोकणातून, घाटाखालून आलेल्या सुनांना विचारा. गावात ऊसतोडीला बाहेरून आलेली कुटुंबे असतात, त्यांच्या मुलांनाही विचारा, बीडकडचे काय म्हणतात, विदर्भातले काय म्हणतात. शब्द कुणाकडून ऐकला, ते कुठल्या गावचे, हेही खाली लिहा. या फळ्याच्या उजव्या बाजूला कोरा कागद टाचला आहे, त्यावर शाईने लिहायचे, आणि खाडाखोड कमी.